उपवासाचा डबा

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळाचा उपवासाचा डबा मूळचा बिस्किटांचा आहे. झाकणावरचा गुलाबांचा गुच्छ घासून घासून फिकट झाला आहे, एका बाजूला पोचा आलेला आहे, आणि मिरजेच्या बाजारातल्या एका पत्रेवाल्याने झाकणाच्या मधोमध पाडून दिलेली चीर इतकी अरुंद आहे की दहाची नोट आत सारायची तर तिची चौपदरी घडी घालावी लागते. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, हा डबा बाहेर निघतो, चाळीस दिवसांच्या त्या काळात दर शुक्रवारच्या प्रार्थनेला मेजावर येतो, आणि पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या, शनिवारी सर्वांसमक्ष उघडला जातो. निदान २०१६ पर्यंत तसा रिवाज होता. तो रिवाज बदलला त्याला मी कारण झाले, आणि ते कसे झाले हे एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात घोळत होते.

डब्याचा नियम साधा आहे. उपवासाच्या दिवशी आपण जे जेवण टाळले, त्याला घरात जेवढा खर्च आला असता तेवढे पैसे डब्यात टाकायचे. ही वर्गणी नव्हे आणि दशमांश, म्हणजे देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, तोही नव्हे. आपल्या पोटात न गेलेल्या अन्नाचा तो मोबदला असतो. जमलेली रक्कम दवाखान्यांत दूरदूरहून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी वापरायची. मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली येथे मिशनचे रुग्णालय उभारले, त्याच्या आधाराने परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले, सांगलीच्या रस्त्यावर वानलेसवाडी वसली, आणि पुढच्या शंभर वर्षांत गल्लोगल्ली डॉक्टरांच्या पाट्या लागल्या. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून, तसेच सीमेपलीकडच्या कर्नाटकातून माणसे येथे येतात. रुग्णाला खाट मिळते. पण त्याच्याबरोबर आलेले आजोबा, आत्या, धाकटा भाऊ व्हरांड्यात नाहीतर एखाद्या झाडाखाली दिवस काढतात, आणि ते जेवले की नाही याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

एका जेवणाचा खर्च काढताना माणसाची पारख होते. आमच्यातल्या काही जणी सरळ पन्नासची नोट टाकतात, कारण हिशेब करीत बसणे त्यांना कमीपणाचे वाटते. चार घरची धुणीभांडी करणारी एक विधवा बहीण मात्र त्या काळी दर शुक्रवारी पाच रुपयांचे एक नाणे आणि रुपयाची दोन नाणी आणीत असे. मी एकदा तिला सहज विचारले, तेव्हा तिने दोन भाकऱ्यांचे पीठ, पिठल्याचे बेसन, एक कांदा, तेल आणि मिरची असा सगळा हिशेब तोंडी मांडला आणि जळणाचे पैसे धरलेले नाहीत, कारण काटक्या मी वेचून आणते, असेही सांगितले. मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत गणित शिकवले. तिचा हिशेब बरोबर होता.

उपवासाच्या बाबतीत आमचा भाग मोठा श्रीमंत आहे. शेजारच्या काकू एकादशी करतात आणि दुपारी भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस यांचे ताट समोर घेऊन 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण स्वतःच म्हणून हसतात. पलीकडच्या घरातल्या भाभी रोजे ठेवतात. २०२५ साली त्यांचे रोजे २ मार्चला सुरू झाले आणि आमचा राखेचा बुधवार ५ मार्चला आला, त्यामुळे जवळजवळ महिनाभर दर शुक्रवारी आमच्या बोळात संध्याकाळपर्यंत दोन घरांच्या चुली सारख्याच थंड असत. भाभी थुंकीही गिळताना विचार करतात. आमच्या लोकांना हसायला मात्र मला बाहेर जावे लागत नाही. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन क्रुसावरील सात उद्गारांवरची उपासना संपली की फाटकाबाहेरच्या भज्यांच्या गाड्यावर जी गर्दी उसळते, तीत मीही अनेकदा उभी राहिलेली आहे.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात उपवासाबद्दल जे सांगितले ते फार थोडे आहे. उपवास कराल तेव्हा तोंडे विद्रूप करू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे तुमचा उपवास लोकांना न दिसता एकांतात पाहणाऱ्या पित्याला दिसेल. त्यांनी दिवस नेमून दिले नाहीत, काय खावे व काय टाळावे याची यादी दिली नाही. दिवस पुढे मंडळीने ठरवले. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांत बुधवार आणि शुक्रवार हे उपवासाचे वार होते हे त्या काळच्या लेखनातून दिसते. मला त्या काळातली एक गोष्ट अधिक भावते. दुसऱ्या शतकात अथेन्सच्या अरिस्तीदेस नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने रोमी सम्राटापुढे आपल्या लोकांची बाजू मांडताना असे लिहिले की, यांच्यात कोणी गरजवंत असेल आणि यांच्याजवळ देण्यासारखे जादा काही नसेल, तर हे दोन-तीन दिवस उपाशी राहतात आणि ते अन्न त्याला पुरवतात. आमच्या डब्याची कल्पना ज्या ज्येष्ठ बाईंनी काढली, त्यांनी अरिस्तीदेसाचे नावही ऐकलेले नव्हते. त्या निवृत्त परिचारिका. सारे गाव त्यांना सिस्टर म्हणत असे. व्हरांड्यात उपाशी झोपलेली माणसे त्यांनी चाळीस वर्षे ओलांडून ये-जा केली होती, आणि डब्याला तेवढे कारण पुरेसे होते.

मी त्या मंडळाची खजिनदार होते. डबा आणि त्याची किल्ली दोन्ही माझ्या घरी असत, आणि ही व्यवस्था चुकीची आहे असे कोणालाच वाटले नाही, कारण मी हिशेबाला पक्की म्हणून ओळखली जात होते.

२०१३ चा उपवासकाळ १३ फेब्रुवारीला सुरू झाला. ते वर्ष दुष्काळाचे होते. जत-आटपाडीकडे आणि साताऱ्याच्या माण-खटाव भागात टँकर फिरत होते, जनावरे चारा छावण्यांत बांधलेली होती, आणि आमच्या प्रत्येक शुक्रवारच्या प्रार्थनेत पावसाची विनंती असे. आमच्या घरी अडचण निराळी होती. मुलगा पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होता, परीक्षेचे आणि राहिलेले शुल्क मिळून चार हजार रुपये भरायची शेवटची तारीख तोंडावर आली होती, आणि यजमानांचा पगार त्या महिन्यात लांबला होता. कोणाकडे हात पसरायचा म्हटले तर माझा जीव जाई. २६ फेब्रुवारीच्या रात्री सगळे झोपल्यावर मी कपाट उघडले, डबा पलंगावर घेतला आणि मोजले. चार हजार दोनशे साठ रुपये होते. मी चार हजार काढून घेतले. पगार झाला की आठ-दहा दिवसांत परत ठेवायचे, हा मनाशी केलेला करार इतका स्पष्ट होता की त्याला चोरी म्हणावे असे मला क्षणभरही वाटले नाही.

१ मार्चला शुक्रवार होता. नोटा निघून गेल्यामुळे डब्यात राहिलेली नाणी आता मोकळी वाजू लागली होती. तो आवाज कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी मेजावर डब्याखाली रुमाल घातला आणि डबा शक्य तितका कमी हलवला. गीते झाली, शास्त्रपाठ झाला, प्रार्थना झाली, आणि बायका घरोघर गेल्या. मी कुलूप लावीत असताना फाटकाशी एक म्हातारा उभा दिसला. डोक्याला मळकी टोपी, पायात टायरच्या चपला. जतकडचा होता. नातू दवाखान्यात होता, बाहेरून आणायच्या इंजेक्शनची चिठ्ठी त्याच्या हातात होती, आणि इथल्या बाया अडल्यानडल्याला मदत करतात असे त्याला खाटेशेजारच्या कोणी सांगितले होते.

"अठराशे पायजेत, ताई," तो म्हणाला. "म्हस हाय छावणीत. ती इकली की आणून देतो."

मी त्याला म्हटले, "आजोबा, आमचा डबा ईस्टरच्या आदल्या दिवशीच उघडतो. तसा नियमच आहे. आम्ही तुमच्या नातवासाठी प्रार्थना करू."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. नियम होता. पण त्याआधीच्या वर्षांत अशाच निकडीसाठी आम्ही दोनदा तो डबा मध्येच उघडला होता, आणि दोन्ही वेळा किल्ली मीच फिरवली होती. माझ्या पर्समध्ये त्या वेळी दोनशे चाळीस रुपये होते. तेही मी दिले नाहीत, कारण थोडे दिले तर तो पुन्हा येईल, कोणाशी तरी बोलेल आणि डब्याची गोष्ट निघेल, असे माझ्या मनात आले. मी तिथेच पायरीवर उभी राहून डोळे मिटले आणि मोठ्याने प्रार्थना केली. चांगली प्रार्थना केली. मला प्रार्थना करता येते. लहानपणापासून सवय आहे. डोळे उघडले तेव्हा तो टोपी हातात घेऊन तसाच उभा होता. प्रार्थनेनंतर काहीतरी होईल असे बहुधा त्याला वाटले असावे. मग "बरं," एवढेच म्हणून तो निघून गेला.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात असे म्हटले आहे की, उघड्यावाघड्या आणि उपाशी भावाबहिणीला आपण 'सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा' असे नुसते म्हटले आणि अंगाला लागणारे काहीच दिले नाही, तर त्याचा काय उपयोग? हा उतारा मी मुलांच्या शब्बाथ शाळेत कितीदा तरी पाठ करून घेतला होता.

पगार झाला. ८ मार्चच्या शुक्रवारी सकाळी मी चार हजार रुपये डब्यात परत ठेवले, एक रुपयाही कमी नाही. ईस्टरच्या आदल्या शनिवारी डबा उघडला तेव्हा सर्वांनी मिळून मोजलेला आकडा वहीत चढला, आणि वहीच्या दृष्टीने तो निर्दोष होता. त्याआधी एकदा मी त्या दवाखान्यात गेले होते. जतचा एक मुलगा, बरोबर त्याचे आजोबा, एवढ्या खुणेवर खिडकीतल्या बाईंनी मला विचारले, "नाव काय?" मला नाव ठाऊक नव्हते. ज्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना केली त्याचे नाव विचारायचेही मला सुचले नव्हते.

त्यानंतरची तीन वर्षे माझ्या भक्तीची वर्षे म्हणून मंडळीत ओळखली जातात. शुक्रवारबरोबर मी बुधवारही धरू लागले. पुढे गुरुवारच्या रात्रीपासून शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत पाणीही घेईनाशी झाले. पहाटे चारला उठून नळाला पाणी येईपर्यंत गुडघ्यांवर असे. पित्त वाढले, चष्म्याचा नंबर बदलला, आणि एका रविवारी उपदेशात नाव न घेता माझा दाखलाही दिला गेला. प्रभूची आज्ञा मी अक्षरशः पाळीत होते. केसांना तेल लावून, तोंड धुऊन, हसतमुखाने सगळीकडे वावरत होते. जे लपवायचे होते ते तोंडावर नव्हतेच. त्या काळात देवाला मी दोनच गोष्टी मागितल्या. एक, तो मुलगा बरा झालेला असू दे. दुसरी, माझ्या मनाला शांती दे. पहिलीचे उत्तर मला आजही माहीत नाही. दुसरी विनंती देवाने तीन वर्षे सरळ नाकारली, आणि आता मागे वळून पाहताना त्याचा तो नकार मला त्याने दिलेल्या कित्येक होकारांपेक्षा मोठा वाटतो. त्या शांतीने मी कायमची बिघडले असते.

उपाशी राहणे अवघड आहे, पण ते माझ्या हातातले अवघड काम होते. मी ते निवडले, कारण दुसरे एक काम त्याहून अवघड होते आणि ते पाच मिनिटांचे होते. एदेन बागेत देवाने आदामाला सरळ प्रश्न केला, तेव्हा त्याने स्त्रीकडे बोट दाखवले आणि स्त्रीने सर्पाकडे. यहेज्केल संदेष्ट्याच्या काळात लोक म्हणत, बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. देवाने ती म्हणच बंद करायला सांगितली, ज्याचे त्याने पाहावे म्हणून. मी तर कोणाकडे बोटही दाखवले नव्हते. मी स्वतःलाच शिक्षा ठोठावली होती आणि स्वतःच ती मोठ्या निष्ठेने भोगीत होते. न्यायाधीश मी, कैदी मी आणि पहारेकरीही मी. त्या खटल्यात देवाला साक्षीला बोलावण्याचीसुद्धा गरज उरली नव्हती.

माझे माहेर साताऱ्याचे. तेथे गेले की ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची आठवण कोणी ना कोणी काढतेच. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, त्यांची बरीचशी सेवा अहमदनगरकडे झाली, पण १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला आले, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. पुढे दोन वर्षांच्या आतच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या अभंगांनी आमच्या मंडळ्यांना रडवले आणि गायला लावले हे खरेच आहे. पण २०१५ च्या दिवाळीच्या सुट्टीत माहेरहून परतताना एस.टी.त माझ्या मनात आले ते निराळेच. पंचावन्न वर्षांचा, घरसंसार असलेला माणूस, ज्या दिवशी आपले सर्वस्व ख्रिस्ताचे असे ठरवतो त्या दिवशी तो सर्वांत आधी पगाराचा प्रश्न निकालात काढतो. आम्ही 'पूर्ण मनाने प्रीती' म्हणतो तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर डोळ्यांतले पाणी येते, उंचावलेले हात येतात, आणि पैशाची पिशवी काही येत नाही. वास्तविक पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने आणि पूर्ण शक्तीने देवावर प्रीती कर, ही जी बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली आज्ञा, तिच्यातल्या 'शक्ती'चा अर्थ जुन्या यहुदी शास्त्र्यांनी 'आपल्या पैशाने' असा लावलेला आहे. हे मला एका पाळकसाहेबांनी कधीतरी सांगितले होते. कराडच्या अलीकडे ते आठवले, आणि पुढचा सगळा रस्ता मी खिडकीबाहेर ऊस पाहत बसले.

तरीही मी बोलले नाही. बोलायला लावले ते नहेम्याने.

२०१६ च्या उपवासकाळात शास्त्राभ्यासाची पाळी माझ्यावर आली आणि मी बायबलमधल्या नहेम्याचा विषय घेतला, कारण तो उपवास-प्रार्थनेसाठी नेहमीच घेतला जातो. नहेम्या हा शूशन राजवाड्यात पर्शियाच्या राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला प्याला देणारा सेवक. यरुशलेमेचा तट पडला आहे, वेशी जळाल्या आहेत, हे ऐकून तो रडला, त्याने उपवास केला आणि किस्लेव महिन्यापासून नीसान महिन्यापर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, प्रार्थना केली. मग राजासमोर जाऊन त्याने रजा मागितली, वाटेतल्या सुभेदारांसाठी पत्रे मागितली आणि इमारती लाकडाची चिठ्ठी मागितली. तट बावन्न दिवसांत पुरा झाला, आणि पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. इथवर सगळे सोपे होते. यावर मी पूर्वीही बोलले होते. तयारी करताना त्या दिवशी मी पुढचा पाचवा अध्यायही वाचला, जो प्रवचनांत फारसा येत नाही. बांधकाम चालू असतानाच गोरगरीब आणि त्यांच्या बायका आक्रोश करतात की, दुष्काळात दाण्यासाठी आम्ही शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली आणि आता आमच्या मुली दासी होत आहेत. नहेम्या संतापतो, सावकारांना बोलावतो. आणि त्या संतापाच्या भरातच तो म्हणतो की, मी, माझे भाऊबंद आणि माझे चाकर यांनीही या लोकांना पैसा आणि धान्य कर्जाऊ दिले आहे. आपण हे सोडून देऊ.

मीही. चार महिने उपवास करणारा, तट बांधणारा माणूस भर सभेत म्हणतो, मीही. पहिल्या अध्यायातल्या प्रार्थनेत त्याने 'मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने पाप केले आहे' असे म्हटले होते. ते वाक्य प्रार्थनेत म्हणायला सोपे जाते, मी स्वतः हजारदा म्हटले आहे. पाचव्या अध्यायात त्याला ते वाक्य माणसांसमोर, पैशाच्या उल्लेखासह म्हणावे लागले. जतच्या म्हाताऱ्याची म्हैस छावणीत बांधलेली होती, आणि मी त्या वहीवर बसले होते.

४ मार्चच्या शुक्रवारी अभ्यास पाचव्या अध्यायापाशी आला, तेव्हा मी पुस्तक मिटले आणि सांगितले. तारखा सांगितल्या, आकडे सांगितले, रुमालाचे सांगितले, पर्समधल्या दोनशे चाळीस रुपयांचेही सांगितले. चौदा बायका होत्या. माझी अपेक्षा काय होती ते कबूल करते: कोणीतरी रडेल, कोणीतरी येऊन मिठी मारेल, 'झाले गेले, परत ठेवलेत ना' असे म्हणेल. पंखा फिरत राहिला. मग धुणीभांडी करणारी ती बहीण माझ्याकडे पाहून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाई, त्यात माझे पण सात-सात रुपये होते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने फक्त नोंद केली होती, आणि पुन्हा एकदा तिचा हिशेब बरोबर होता. मी चार हजार रुपये परत ठेवले होते. पण तिच्या टाळलेल्या भाकऱ्या ज्या आठवड्यात ज्या पोटासाठी होत्या, त्या आठवड्यात त्या तिथे पोचल्या नव्हत्या, आणि तो आठवडा मला परत ठेवता येणार नव्हता.

मी घाईने म्हटले, "आपण प्रार्थना करू या."

सिस्टर तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. त्या म्हणाल्या, "प्रार्थना करूच. आधी वही आणा."

वही आणली. सिस्टरांनी मला माझ्याच हाताने लिहायला लावले: २६ फेब्रुवारी २०१३, खजिनदाराने न विचारता उचलले, चार हजार. ८ मार्च, परत. मला वाटले झाले. त्या म्हणाल्या, "१ तारखेचे?" मी विचारले, ते कसे लिहायचे, ते पैसे तर कोणी दिलेही नाहीत आणि घेतलेही नाहीत. त्या म्हणाल्या, "देणे आहे ना? मग देण्याच्या बाजूला लिहा." मी लिहिले: जतचे आजोबा, नाव माहीत नाही, एक हजार आठशे. त्यानंतर प्रार्थना झाली. सिस्टरांची प्रार्थना नेहमीप्रमाणे तीन वाक्यांची होती आणि तिच्यात माझे नाव होते.

खजिनदारपद मी त्याच दिवशी सोडले. दोघींकडे दोन किल्ल्या आणि डबा तिसरीकडे, अशी व्यवस्था झाली. डबा दर शुक्रवारी प्रार्थनेनंतर उघडायचा आणि रिकामा करायचा असेही ठरले, कारण साठवलेले पैसे राखण्यासाठीच नियम वाढत जातात असे सिस्टरांचे म्हणणे पडले. मंडळीच्या पंचांना मी स्वतः जाऊन सांगितले. कोणी काही बोलले, कोणी नाही. एका घरी पुढे वर्षभर माझ्याकडून चहाचा कप घेताना हात किंचित थांबत असे. तो थांबावाच. क्षमा मला मिळाली यात मला शंका नाही, आणि ती कोणत्याही उपवासाच्या मोबदल्यात मिळालेली नाही हेही मला पक्के ठाऊक आहे. माझ्या निर्जळी शुक्रवारांना त्या क्षमेत काडीची जागा नव्हती. पण जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराच्या घरी प्रभू स्वतः होऊन जेवायला गेला, तरी जक्कय उभा राहिला आणि चौपट परत देण्याचे बोलला, आणि ते त्याला कोणी थांबवून 'राहू दे' म्हटले नाही. गलतीकरांच्या पत्रात पौल एकाच अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असे म्हणतो आणि तीनच वचनांनंतर ज्याने त्याने आपापला भार वाहावा असेही म्हणतो. मूळ ग्रीकात हे शब्द दोन आहेत. पहिला कोणालाही चिरडून टाकील अशा जड ओझ्याचा, दुसरा प्रवाशाच्या पाठीवरच्या गाठोड्याचा. म्हाताऱ्याच्या पाठीवर पहिले होते, ते वाहायला मी हात दिला नाही. माझे दुसरे होते, ते मी देवाच्या पायाशी नेऊन ठेवत होते आणि तो ते दर पहाटे मला परत देत होता.

उपवास मी अजूनही करते. फक्त शुक्रवार, आणि पाणी पिते. प्रार्थनेची माझी एक वही आहे, तिच्यात नावे असतात. अमक्याचे ऑपरेशन, तमकीचे लग्न, कोणाची नोकरी. पूर्वी मी ही यादी वरपासून खालपर्यंत वाचून आमेन म्हणत असे. आता नाव उच्चारले की क्षणभर थांबते, आणि त्यातले काही माझ्या हाताशी आहे असे दिसले तर पेन्सिलीने नावाआधी टिंब देते. हाताशी म्हणजे फार थोर काही नसते; एक फोन, एक डबा, बँकेत कोणाचा अर्ज भरून देणे, कोणाला तरी 'माझे चुकले' म्हणणे. टिंबे नको इतकी निघतात. काही पहाटे तर टिंबांच्या भीतीने मी नावे भराभर वाचते, हेही खरे आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी तेथे पंचेचाळीस फूट आहे. सांगलीतली माणसे मिरजेकडे येऊ लागली, शाळा आणि मंगल कार्यालये भरली. आमच्या मंडळाने उपवास-प्रार्थना जाहीर केली. संध्याकाळी जमलो तेव्हा कोणीतरी पीठ आणले होते, कोणीतरी परात, आणि मग ती प्रार्थना भाकऱ्या थापतच झाली. डोळे मिटता येत नव्हते, कारण तवा तापलेला होता. उपवास मात्र खरा घडला. रात्री अकरापर्यंत थापलेल्या भाकऱ्यांतली एकही आमच्या कोणाच्या तोंडात गेली नाही, मोजून दिल्या होत्या. सिस्टर खुर्चीवर बसून चवडी मोजत होत्या. त्यांचा तो शेवटचा पावसाळा.

आता मंडळाची खजिनदार एक तरुण मुलगी आहे. ती बँकेत काम करते, वही तिने संगणकावर घेतली आहे, पण सिस्टरांच्या वेळचा रिवाज म्हणून एक कागदी वहीही ठेवते. दर राखेच्या बुधवारी ती नवे पान काढते, वर तारीख घालते, जमेच्या बाजूला शून्य लिहिते. देण्याच्या बाजूची पहिली ओळ तिला कोणी समजावून सांगितलेली नाही, मीच एकदा सांगायला गेले, तर ती म्हणाली, "असू द्या, काकू, मी उतरवून घेते." तिचे अक्षर माझ्यापेक्षा सुरेख आहे. मागील पानावरून पुढे, जतचे आजोबा, नाव माहीत नाही, एक हजार आठशे.